शिलारस, मॅग्मा की लाव्हा?

परवा भाचीचा भूगोलाचा अभ्यास घेत होतो, पुस्तकात मॅग्माला शिलारस असा शब्द दिलाय. गंमत अशी की आदल्याच दिवशी मंडईजवळ एका काष्ठौषधीच्या दुकानात धुपाचं सामान घ्यायला गेलो होतो तर तिथे बरणीवर हेच नाव, शिलारस! दुकानदाराने काडी बुडवून दाखवली, काळपट तपकिरी, चिकट, काडी वर घेतली की मधासारखी तार, वास मस्त. मग दगडाचा रस तो हाच का? आणि लाव्हा वेगळा की तेच?

टेकडीकर : दुकानातला शिलारस म्हणजे झाडाची राळ हो, संस्कृतात सिल्हक, ज्वालामुखीशी काही संबंध नाही. भूगोलातला फरक सोपाय, जमिनीखाली आहे तोवर शिलारस, बाहेर पडला की लाव्हा. पण मॅग्मा या शब्दाचं मूळ बघा, ग्रीक आहे, मळणे या अर्थाच्या धातूवरून आलाय आणि अर्थ दाट लेप, मलम. लॅटिनमध्ये तर मलमाचा उरलेला गाळ. म्हणजे तोही वैद्याच्या दुकानातूनच जमिनीखाली गेला म्हणायचा :)

कसब्यातली : मला "रस" खटकतो. रस म्हटलं की गुऱ्हाळ आठवतं, आणि मुलांना वाटतं खाली सगळा रसाचा समुद्र आहे नि आपण वर तरंगतोय. तसं नाहीये. खालचं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, २९०० किमी खोलीपर्यंत जवळजवळ सगळं घट्ट दगडच आहे. तापलेलं असतं पण वरून दाब इतका की वितळत नाही. तोच दगड हळूहळू वर सरकला की दाब उतरतो आणि जास्तीची उष्णता न देताच वितळायला लागतो. दुसरा प्रकार पाण्याचा, समुद्राचा तळ खाली घुसतो तिथे त्यातलं पाणी वरच्या गरम दगडात शिरतं आणि वितळणबिंदू खाली येतो, आपण आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर खडेमीठ टाकतो ना, साधारण तसं. आणि तेव्हाही अख्खा दगड वितळत नाहीच, बर्फाचा गोळा चोखला की रंग-साखर आधी निघून येते नि पांढरा बर्फ काडीला राहतो तसं, लवकर वितळणारं तेवढं निघतं, म्हणून वर येणाऱ्या शिलारसाचा घटक मूळ दगडापेक्षा वेगळा.

मूळ प्रश्नकर्ता : ताई, गोळ्याचं भाचीला लग्गेच कळलं. पण मग तो वर चढतो कसा?

कसब्यातली : आजूबाजूच्या दगडापेक्षा हलका असतो म्हणून. आधी कणाकणांमधून झिरपतो, मग भेगा फाडत येतो. वाटेत भेगेतच थिजला की उभी भिंत तयार होते, डाईक म्हणतात, धुळे-नंदुरबारकडे अशा लांबच लांब आहेत, आजूबाजूचा दगड झिजला आणि ह्या उभ्या राहिल्या. आपल्याकडचा काळा दगड, पुण्यातलं पाताळेश्वर लेणं ज्यात कोरलंय तो, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी अशाच भेगांमधून थरावर थर पसरला, त्यालाच डेक्कन ट्रॅप म्हणतात. उंच शंकू, टोकाला जाळ वगैरे चित्र इथे फारसं लागूच नाही, त्यामुळे ज्वालामुखी हा शब्दसुद्धा आपल्या दगडाला जरा फसवाच.

रिक्षावाला_इंजिनियर : डेक्कन ट्रॅप म्हणजे मला इतकी वर्षं डेक्कनवरच्या गुडलक चौकातला सिग्नल वाटायचा.

टेकडीकर : 😂 ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, स्वीडिश भाषेतली पायरी. सह्याद्रीचे टप्पे बघा की.

सासवडकर : मॅग्मा चेंबरला, म्हणजे जमिनीखाली शिलारस साठतो त्या जागेला, पुस्तकात काय शब्द आहे माहीत नाही पण माझं मत "पेव". आमच्या आजोळी जमिनीखाली धान्याचं पेव होतं, वरून काही दिसायचं नाही, आणि पेव फुटणे हा वाक्प्रचार तर आयताच तयार!

कसब्यातली : शब्द झकास, पण पेव पोकळ असतं ना. खालचं तसं नसतं, बरेचदा स्फटिकांचा खच आणि त्यांच्या मधे मधे द्रव, पातळ रसापेक्षा घट्ट झालेल्या गुरगुट्या भाताच्या जवळचं. त्यातच पाण्याची वाफ, वायू विरघळलेले, वर आलं की सोड्याच्या बाटलीसारखे फसफसतात. वाघोलीकडच्या खाणींतल्या दगडात भोकं नि त्यात स्फटिक दिसतात ना, ती भोकं त्या बुडबुड्यांचीच. स्फटिक मागाहून, आत झिरपलेल्या पाण्यातून तयार झाले.

सासवडकर : मग भरलेलं पेव म्हणा! धान्याच्या मधेही हवा असतेच की.

मूळ प्रश्नकर्ता : भाचीने वहीत "शिलारस (धुपाचा नाही)" असं लिहून ठेवलंय, बाई काय म्हणतात बघू.