नवरीमुलीसाठी मैत्रिणींचं जेवण: हॉटेल तिच्या आवडीचं की सगळ्यांना जमणारं?

गारवेल

लग्न ठरलेल्या मैत्रिणीला बाकीच्यांनी जेवायला न्यायचं ठरलं की पहिला प्रश्न तिलाच जातो, "तुला कुठे जायचंय?" ती एक नाव सांगते आणि तिथून पुढे सगळ्यांची ओढाताण सुरू होते. एकीला तिथला खर्च झेपत नाही, दुसरीला तिथे खाण्यासारखं काही नसतं, आणि दोघीही बोलत नाहीत, कारण नवरीने निवडलेल्या जागेला नाही कोण म्हणणार?

म्हणून मी क्रम उलटा लावते. आधी पक्की संख्या. मग प्रत्येकीकडून खासगीत तीन उत्तरं: सगळं धरून जास्तीत जास्त किती देऊ शकतेस, काय खात नाहीस, परत कशी आणि किती वाजेपर्यंत जायचं आहे. हे ग्रुपवर विचारायचं नाही. ग्रुपवर पहिल्या दोघींनी मोठा आकडा टाकला की तिसरी तोच टाकते. आलेल्या आकड्यांची सरासरीही काढायची नाही, सगळ्यांत लहान आकडा हीच मर्यादा. त्यात बसणारी दोन-तीन हॉटेलं निवडायची आणि मग नवरीला विचारायचं, यातलं कुठलं?

चवीइतकंच महत्त्व मी आवाजाला देते. त्या रात्री सगळ्यांना एकमेकींशी बोलायचं असतं. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. खोलीतला आवाज ७५ च्या वर गेला की शेजारणीपलीकडे बोलायला ओरडावं लागतं. जेवण ज्या वारी आहे त्याच वारी, त्याच वेळी आधी जाऊन या आणि जे टेबल देणार आहेत त्यावरच दहा मिनिटं बसा. डोक्यावर स्पीकर आहे का, किचनचं दार पाठीशी उघडतं का, टॉयलेटची रांग खुर्चीला घासून जाते का, हे फोनवर कळत नाही.

निळाई

गारवेल, पटलं नाही. सगळ्यांना जमणारं हॉटेल शोधता शोधता असं हॉटेल हाती लागतं, जे कुणालाच नको नसतं आणि कुणाला हवंही नसतं. जेवण तिच्यासाठी आहे. तिची पसंती शेवटच्या तीन नावांपुरती ठेवली तर तीही पाहुण्यांतली एक होते.

तिच्या आवडीची जागा धरून ठेवा आणि बाकीचं हलवा. संध्याकाळचं परवडत नसेल तर दुपारी जा. किचन तेच, हात तेच, आणि बऱ्याच ठिकाणी दुपारचा मेन्यू आटोपशीर आणि स्वस्त असतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर टेबलही मनासारखं मिळतं. किंवा तिथे फक्त मेन कोर्स घ्या. आधीचं खाणं आणि केक कुणाच्या तरी घरी. नाहीच जमलं तर चार-पाच जवळच्या मैत्रिणी तिच्या आवडीच्या जागी जेवतील आणि बाकीच्या नंतर कॉफीला येतील. बारा जणींना एकाच टेबलावर बसवलंच पाहिजे असं कुठे आहे?

आवाजाचं म्हणाल तर शांत हॉटेलात बारा जणींचा ग्रुप मोठ्याने हसला की आजूबाजूची टेबलं वळून बघतात आणि सगळ्याजणी दबून बसतात. थोडा गजबजाट हवाच.

तळटीप

खर्चाची मर्यादा आणि मेन्यूवरचे आकडे यांत फरक असतो. भांडणं तिथेच होतात, म्हणून हिशोब मांडतो.

नवरीचं बिल बाकीच्यांनी भरायचं असेल तर बारा जणींचं बिल अकरा जणी भरतात, म्हणजे प्रत्येकीवर ९ टक्के जास्त. सहाच जणी असतील तर पाच जणींवर २० टक्के. लहान ग्रुपला हा भार जास्त जाणवतो, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्यावर कर आणि सर्व्हिस चार्ज मिळून समजा १५ टक्के लागले, तर बाराच्या ग्रुपमध्ये मेन्यूवरचे शंभर प्रत्यक्षात सव्वाशे होतात. सहाच्या ग्रुपमध्ये १३८.

निळाई यांच्या 'थोडं तिथे, थोडं घरी' या तोडग्यात एक अडचण आहे. बऱ्याच हॉटेलांत मोठ्या टेबलाला किमान बिलाची अट असते. त्या रकमेच्या आत राहिलात तरी फरक भरावाच लागतो. बुकिंग करतानाच चार गोष्टी लेखी घ्या: किमान बिल किती, त्यात कर धरलाय का, अॅडव्हान्स कधीपर्यंत परत मिळतो, आणि संख्या कमी झाल्याचं किती तास आधी कळवायचं. मोठ्या ग्रुपमधून शेवटच्या दिवशी एकदोघी गळतातच. पक्की संख्या दिल्यानंतर गळालेल्या ताटाचे पैसे बहुतेक ठिकाणी घेतात.

बाहेरून केक आणणार असाल तर तेही विचारा. काही ठिकाणी चालत नाही, काही ठिकाणी कापून वाढण्याचे माणशी पैसे लावतात, आणि फ्रीजमध्ये जागा नसेल तर क्रीमचा केक दोन तासांत बसतो.

मोजमाप

मी किचनच्या बाजूने लिहितो. दहाच्या वर माणसं असतील तर सेट मेन्यू घ्या किंवा ऑर्डर आधी द्या. यात चवीचा नाही, शेगड्यांचा प्रश्न आहे.

बारा जणींनी बारा वेगळे पदार्थ मागवले की एकाच ऑर्डरची कामं चार ठिकाणी विभागली जातात: तवा, ग्रिल, तळण, थंड विभाग. एक पदार्थ सहा मिनिटांत होतो, दुसऱ्याला वीस लागतात. सगळं एकत्र बाहेर काढायचं तर लवकर झालेलं गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली थांबतं. तळलेलं मऊ पडतं, सॉसवर साय धरते. न थांबवता पाठवलं तर पाच जणी जेवतात आणि सात जणी बघत बसतात. त्यात शनिवारची रात्र असली की तेवढ्यात बाकीच्या टेबलांच्या ऑर्डरीही येऊन पडलेल्या असतात.

दोन स्टार्टर, तीन मेन कोर्स, दोन गोड पदार्थ, एवढ्यात निवड ठेवा. कुणाला काय, हे नावानिशी दोन दिवस आधी कळवा आणि तीच यादी छापून टेबलावर ठेवा, कारण आपण काय सांगितलं होतं हे निम्म्याजणी विसरलेल्या असतात. वाढणाऱ्याला मग "हे कुणाचं?" असं बारा वेळा विचारावं लागत नाही.

वेळेचाही हिशोब धरा. सगळ्या यायला अर्धा तास, ऑर्डरला वीस मिनिटं, मग तीन टप्प्यांचं जेवण. अडीच तासांखाली हे उरकत नाही. दोन तासांनी टेबल सोडावं लागेल असं सांगणारं हॉटेल तिच्या कितीही आवडीचं असलं तरी या जेवणासाठी चुकीचं.

पानगळ

सेट मेन्यूला माझा ठाम विरोध. दोन दिवस आधी ठरवलेलं जेवण त्या दिवशी नको वाटतं आणि जी कमी खाते तिलाही पूर्ण ताटाचे पैसे पडतात. मोजमाप यांची शेगड्यांची अडचण खरी आहे, पण तिचं दुसरं उत्तर आहे: वाटून खाणं.

वाटून खाण्याचाही एक हिशोब असतो. टेबलावर प्रत्येक चार जणींमागे एक संच धरा. बारा जणींना पाच पदार्थ घ्यायचे तर प्रत्येकाच्या तीन प्लेट, एक या टोकाला, एक मध्ये, एक त्या टोकाला. बहुतेकांची चूक अशी होते की बारा वेगळे पदार्थ एकेक प्लेट मागवतात. मग मधल्या पाच जणींना सगळं मिळतं आणि टोकाच्यांच्या वाट्याला रिकाम्या प्लेटा येतात. पाच पदार्थांच्या पंधरा प्लेटा किचनलाही सोप्या, एका कढईत तीन एकदम निघतात. ऑर्डर दोन हप्त्यांत द्यायची. आधी दोन-तृतीयांश, मग भूक बघून बाकीचं. उरत नाही आणि बिलही हातात राहतं.

मोजमाप

पानगळ, तीन प्लेटांचं गणित बरोबर आहे. फक्त ग्रुपमध्ये कुणाला अॅलर्जी असेल तर वाटून खाणं बंद. शेंगदाण्याच्या पदार्थातला चमचा शेजारच्या भांड्यात जातो आणि तेवढं पुरतं. तळणाच्या तेलाचंही तसंच: एकाच कढईत आधी अंड्याचं काही तळलेलं असेल तर अॅलर्जीचं मूळ असलेलं प्रथिन तेल तापलं म्हणून नाहीसं होत नाही. "या पदार्थात काय आहे?" एवढ्यावर थांबू नका. "कशात तळता, कुठल्या पाटावर कापता, वेगळं भांडं वापराल का?" हे विचारा, आणि फोन उचलणाऱ्याऐवजी किचनमधल्या माणसाला विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर ते हॉटेल यादीतून काढा. आवडनिवड आणि अॅलर्जी एकाच यादीत लिहू नका. 'कांदा नको' आणि 'शेंगदाणा चालत नाही' एकाखाली एक लिहिलं की किचनमध्ये दोन्हींना सारखंच वजन मिळतं.

उंबरठा

खासगी खोलीचं कुणीच काढलं नाही. गारवेल यांना बोलणं ऐकू यायला हवं, निळाई यांना मोकळेपणाने हसायला हवं. दोन्ही एका बंद दारामागे मिळतं. संगीताचा आवाज आपल्या हातात, केक कापताना अख्ख्या हॉटेलची नजर नाही, भेटवस्तू ठेवायला कोपरा.

निळाई

उंबरठा, बंद खोलीत दुसरा त्रास असतो. टाइल्स, काचा, उघडं छत अशी खोली असेल तर बारा जणींचाच आवाज घुमून परत येतो, आणि मागच्या गोंगाटावर मात करायला प्रत्येकजण आणखी मोठ्याने बोलते. एतिएन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली यावर लिहिलं होतं, आजही त्याला लोम्बार्ड परिणामच म्हणतात. खोली घ्यायचीच तर पडदे, गालिचा, गादीच्या खुर्च्या आहेत का ते बघा. खोलीत मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळी रेंगाळली तर ती खोली नको. शिवाय खोलीतलं टेबल वाढप्याच्या नजरेआड असतं. पाणी मागायला दर वेळी कुणीतरी उठून जावं लागतं. खोलीसाठी वेगळा माणूस देणार का, हे आधी ठरवून घ्या.

गारवेल

टाळीचा उपाय पटला. दुपारच्या जेवणाचाही, मर्यादेत बसवून तिच्या आवडीची जागा मिळत असेल तर मला ती नको आहे असं मुळीच नाही. मात्र लहान आकडा हीच मर्यादा, यावर मी ठाम आहे. चार-पाच जणींनी जेवायचं आणि बाकीच्यांनी कॉफीला यायचं, हे तर मला अजिबात पटत नाही. ज्यांना परवडत नाही त्याच कॉफीवाल्या ठरतात आणि हे सगळ्यांना दिसतं. लग्नाच्या तोंडावर नवरीच्या मैत्रिणींत अशी रांग लावू नये.

खोली की हॉल यापेक्षा टेबलाचा आकार बघा. माणशी ६० सेंटीमीटर धरले तर बारा जणींचं लांब टेबल एका बाजूला सहा याप्रमाणे ३.६ मीटर होतं. नवरीला टोकाला बसवलंत तर समोरच्या टोकाशी तिचं बोलणंच होणार नाही. तिला लांब बाजूच्या मध्यावर बसवा, सगळ्यांत लांबची मैत्रीण दोन मीटरांवर येते. गोल टेबल आठ जणींपर्यंत उत्तम, व्यास दीड मीटर. बारा जणींसाठी तो सव्वादोन मीटरांच्या वर जातो आणि मधली प्लेट कुणाच्याच हाताला लागत नाही.

निळाई

परवडण्यावरून रांग लागू नये हे खरं, पण मग उलट करा. ज्यांना जास्त द्यायचंय त्यांनी एकीकडे गुपचूप द्यावं आणि त्या एकीने सगळं बिल भरून प्रत्येकीकडून तिने सांगितलेला आकडा घ्यावा. कुणी किती दिले हे त्या एकीलाच माहीत. यात लहान आकडाही सांभाळला जातो आणि नवरीची जागाही.

तळटीप

चालेल, पण पैसे जेवणाआधी गोळा करा आणि नवरी बसलेली असताना टेबलावर बिल येऊ देऊ नका. कॅप्टनला, म्हणजे वाढप्यांच्या प्रमुखाला, आधीच सांगून ठेवा की बिल काउंटरवरच द्या. तिथेच ओळ न् ओळ तपासा. सेट मेन्यूच्या बाहेर मागवलेलं पेय आणि सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असताना वर दिलेली टिप, या दोन ठिकाणी जास्तीचे पैसे जातात. मद्य कुणी घेणार असेल तर त्याचं बिल सुरुवातीपासून वेगळं उघडायला सांगा. न घेणारीने त्याचे पैसे का भरायचे?

पानगळ

आणि नवरीने मद्याच्या बिलात भर टाकली तर? ते अकरा जणींत वाटायचं की फक्त घेणाऱ्यांत?

तळटीप

घेणाऱ्यांत. तिचं जेवण सगळ्यांकडून, तिचं पेय घेणाऱ्यांकडून.

गारवेल

इथे मात्र सहमत नाही. नवरीच्या नावावर जे लागेल ते सगळ्यांचं, आणि तेवढी रक्कम मर्यादा ठरवतानाच बाजूला काढायची. तिच्या ग्लासाचा हिशोब वेगळा ठेवला की तो कुणाच्या तरी तोंडून तिच्या कानावर जातोच.