गिरगाव सोडून खारघरला आलोय, करमतच नाही. तुमचं कसं झालं?

गिरगावकरीण:
नमस्कार मंडळी. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, बिल्डर देतो त्या भाड्यात गिरगावात खुराडंसुद्धा मिळेना म्हणून खारघरला टू बीएचके घेतलाय. घर छान आहे हो, हवा आहे, पाणी आहे, बाल्कनीतून डोंगर दिसतो, नाव ठेवायला जागा नाही. पण करमत नाही. तिकडे कोथिंबीर आणायला खाली उतरलं की ठाकुरद्वार नाक्यापर्यंत चार जणी भेटायच्याच, एक सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करणार, दुसरी कुणाचं तरी लग्न मोडलं ते सांगणार, कोथिंबीर घरी येईस्तोवर आमटी निवलेली. इथे अ‍ॅपवर मागवली की दहा मिनिटांत दारात, आणि मी थँक्यू म्हणेपर्यंत तो पोरगा लिफ्टमध्ये. सासूबाईंचं तर फारच अवघड झालंय. खाली बाकावर जाऊन बसतात, पण तिथल्या आज्या दोन महिने लेकाकडे, दोन महिने लेकीकडे, जरा ओळख झाली की बॅग भरून निघाल्या.
आणि चीड कशाची येते माहितीये? इतकी वर्षं पत्रे, धूळ, खोदकाम सगळं आम्ही सोसलं आणि आम्ही निघाल्यावर ऑक्टोबर २०२५ ला गिरगावचं मेट्रो स्टेशन चालू झालं!
सवयीने जातं का हे? की टॉवर होईपर्यंत दिवस ढकलायचे?

स्पष्टवक्ता:
दुरून चाळी साजऱ्या. पहाटे नळाला पाणी, कॉमन संडासाची रांग, पाहुणे आले की पुरुषमंडळी झोपायला गॅलरीत, हे नाही आठवत का कुणाला? मी डोंबिवलीला वाढलो, मला तर खारघर म्हणजे स्वर्ग वाटतो.

खाडीपलीकडचा:
ताई, आम्ही परळहून वाशीला आलो ८२ च्या गिरणी संपानंतर. तेव्हा इकडे लोकल नव्हतीच, मानखुर्दहून पूल ओलांडून गाडी आली १९९२ ला. तोवर बस, आणि परळच्या नातेवाइकांना वाटायचं आम्ही गावालाच राहायला गेलो. आई रोज रडायची. सिडकोने घरं बांधून दिली पण शेजार काही बांधून दिला नाही, तो आम्हीच केला. सेक्टरचा पहिला गणपती एका रिकाम्या दुकानाच्या गाळ्यात बसवला, आरतीला कोकणातले, घाटावरचे, एक तमिळ कुटुंब, प्रत्येकाची चाल वेगळी, टाळ भलतीकडेच. त्या आरतीनंतर आईला पहिली मैत्रीण मिळाली. तेव्हा वेळ लागतो एवढंच सांगतो, किती ते विचारू नका.
बाकी वाशीला भावे नाट्यगृहात नाटकं लागतात, सासूबाईंना घेऊन जा. मासे खात असाल तर बेलापूरजवळ दिवाळे गाव आहे, कोळीवाडाच आहे, तिथला बाजार बघा.

तलावपाळीकर:
खारघरला गेलातच कशाला, ठाण्यात यायचं! तलावपाळीला एक चक्कर मारली तरी दहा ओळखीचे भेटतात, गडकरी रंगायतन आहे, मामलेदारची मिसळ आहे. आणि १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्यालाच आली म्हटलं. 😀 फक्त घोडबंदर रोडला घर घेऊ नका, तिथेही तुमच्यासारखंच, गेट, वॉचमन आणि वर ट्रॅफिक. नौपाड्यात बघा, मिळालं तर.

मुगभाटचा_पोरगा:
मी सध्या नेरूळला. ताई, वाईट वाटून घेऊ नका पण टॉवरची वाट बघताय म्हणून सांगतो. आमची चाळ तुमच्या आधी पडली, टॉवर झाला, चावी पण मिळाली. परत राहायला कोण आलं? अर्ध्यांनी फ्लॅट भाड्याने दिले आणि बोरिवली-विरारला स्थायिक झाले. जे आले ते बंद दाराआड. आमच्या मजल्यावर देशपांडे काकूंचं दार, जे रात्री झोपतानाच लागायचं, त्यावर आता कॅमेऱ्याची बेल आहे. पाडव्याच्या शोभायात्रेला मात्र सगळे येतात, विरारहून, बदलापूरहून, नऊवारी नेसून, फेटे बांधून. मीसुद्धा जातो. दुपारी एकपर्यंत गिरगाव असतं तिथे, मग जो तो आपापल्या लोकलने घरी.

गिरगावकरीण:
स्पष्टवक्ता, संडासाची रांग आठवते हो, माझ्या साबणाचीही चोरी तिथेच झाली. म्हणून काय माणसं आठवायची नाहीत?
मुगभाट, तुमचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या नवीन टॉवरला गॅलरी ठेवलीये का विचार त्या बिल्डरला. नाहीये, प्लॅन मी बघितलाय, एकेकाची स्वतंत्र बाल्कनी आहे. त्यांना अजून सांगितलं नाही.
काका, भावेचं बघते. दिवाळ्याला खारघरहून कसं जायचं? रविवारी म्हणतायत.

खाडीपलीकडचा:
ट्रेनने बेलापूर, पुढे रिक्षा. सकाळी लवकर जा. आणि भाव सासूबाईंना करू द्या.