मदत हवी आहे: चांद बावडीच्या फोटोंवरून भिंतीवरची गोधडी

नमस्कार मंडळी,

हिवाळ्यात राजस्थानात गेलो होतो तेव्हा जयपूर-आग्रा रस्त्यावरून थोडं आत वळून आभानेरीची चांद बावडी पाहिली. 13 मजले खोल विहीर, तीन बाजूंना मिळून सुमारे 3,500 पायऱ्या आणि चौथ्या बाजूला कमानी-सज्जे. प्रत्येक मजल्यावर छोटे जिने दोन्हीकडून चढत येऊन मध्ये भेटतात, असे ओळीने त्रिकोण. ऊन तिरपं होतं, त्यामुळे प्रत्येक त्रिकोणाची एक बाजू उजळ, दुसरी काळी.

बहिणीच्या नव्या घरासाठी यावरून 4 बाय 5 फुटांची गोधडी करायची आहे, भिंतीवर टांगायला. कापड डिजिटल प्रिंट करून वरून हाताने धावदोरा. शिवणाचं मी बघून घेईन, गाडी डिझाइनपाशी अडली आहे.

एका दुकानातून फोटो जसाच्या तसा कॉटनवर छापून घेतला. हाताला कडक, फ्लेक्ससारखा, आणि दगडाचा पिवळसर रंग चक्क हिरवट! "मॅडम, कॉटनवर असंच येतं," म्हणाले. खरं आहे का हे?

दुसरं, खाली उतरू देत नाहीत. सगळे फोटो वरच्या कठड्यापासूनचे, म्हणून खालचे जिने आक्रसलेले दिसतात. एक तुकडा कापून शेजारी शेजारी लावला तर जोड उघडे पडतात. फोटो मोबाइलचे, 4000 बाय 3000 पिक्सेल. फोटोशॉप नाही, कृता आणि इंकस्केप ही चित्रांची फुकट सॉफ्टवेअर जेमतेम येतात.

– अवनी

रेघोट्या:
असंच येतं वगैरे काही नाही. तुम्हाला बहुतेक पिगमेंट प्रिंट दिलंय. त्यात रंग बाइंडरने धाग्यावर चिकटवलेला असतो, म्हणून कडकपणा. कॉटनसाठी रिअ‍ॅक्टिव्ह प्रिंट मागा. तो रंग धाग्याशी जोडला जातो, छापल्यावर वाफ देऊन धुतात, कापड मऊ राहतं. कोणी सब्लिमेशन (उष्णतेने रंग कापडात उतरवणं) सुचवलं तर नको म्हणा, ते पॉलिएस्टरचं काम. हिरवटपणासाठी आधी त्याच कापडावर रंगांचा छोटा तक्ता छापून घ्या आणि त्यातून निवडा. स्क्रीनवर विसंबू नका.

150 डीपीआयला, म्हणजे इंचाला 150 ठिपके धरले तर, तुमचा फोटो जेमतेम 26 बाय 20 इंच होतो. 5 फुटांवर ताणला की फुटणारच. म्हणून फोटो छापूच नका, त्यातली नक्षी काढा. कृतात पर्स्पेक्टिव्ह ट्रान्सफॉर्मने भिंत सरळ करा, एकच त्रिकोण कापा, चार छटांवर आणा आणि इंकस्केपमध्ये ट्रेस करा. व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांचं चित्र, झालं की मापाची कटकट संपली. कृतात डब्ल्यू दाबलंत की तुकडा चहूबाजूंनी जोडून दिसतो. जोड तिथेच बुजवता येतात.

आणि एक, अर्धा त्रिकोण आरशातल्यासारखा उलटा करून जोडायचा मोह आवरा. दोन्ही बाजू सारख्याच उजळ होतील आणि खोली गायब. ऊन एकाच बाजूने पडलंय, ते तसंच राहू द्या.

सुईदोरा:
चार छटा पुरे, पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. छापील कापड आणि अस्तर दोन्ही कापण्याआधी पाण्यातून काढा. एक आटलं आणि दुसरं नाही, तर गोधडी भिंतीवर वाकडी लटकेल.

धावदोरा सगळीकडे सारखा घालू नका. दाट टाके पडतात तिथे गोधडी दबते, मोकळी जागा फुगते. सावलीच्या बाजूवर पायरीच्या रेषेने जवळजवळ टाके घाला, उजळ बाजू मोकळी सोडा. जिने खरंच आत गेल्यासारखे दिसतील. मात्र आत भरणी थोडी तरी हवी, नुसत्या दोन कापडांत हा प्रकार दिसत नाही.

अवनी:
रेघोट्या, अर्धा उलटा करून जोडायचंच चाललं होतं इथे! वाचलेच. सुईदोरा, टाक्यांचं हे लक्षातच आलं नसतं. आज एक त्रिकोण ट्रेस करायला बसते.

कमानींची बाजू घ्यावी का? आणि अस्तराला आईची जुनी लाल नऊवारी चालेल? रंग सुटला तर पुढच्या कापडाची वाट लागेल.

सुईदोरा:
कमानी सोडून द्या, नाहीतर नक्षीचं चित्र होऊन बसेल. नऊवारीवर पांढरं ओलं फडकं जोरात घासून बघा. फडकं गुलाबी झालं तर ती साडी कपाटातच बरी.