कार नसली तरी चॅट्सवर्थ मस्त होतं

कुणीतरी लिहिलंय की इंग्लंडात कारशिवाय गावाकडचं काही बघता येत नाही, मला अजिबात पटलं नाही. शेफिल्ड शहरातून बेकवेल गावाची २१८ नंबरची बस पकडा, ती चॅट्सवर्थला थांबते, म्हणजे मोठ्या पार्कातल्या एका जुन्या भव्य हवेलीपाशी. हवेलीला तिकीट आहे पण पार्कात चालायला फुकट, आणि खरी मजा तिथेच! १७६० च्या दशकात केपेबिलिटी ब्राऊन या प्रसिद्ध बागरचनाकाराने हे पार्क आखलं, म्हणजे ते उतार, झाडांचे पुंजके, सगळं किती नैसर्गिक वाटतं पण बरंचसं माणसाने ठरवून केलेलं आहे, आणि मला तेच फार आवडतं. हवेलीमागच्या स्टँड वूड या जंगलातून चढून हंटिंग टॉवर नावाच्या बुरुजाला जा, सोळाव्या शतकातला आहे, चढ थोडा दमवतो पण जा नक्की. मग खाली येऊन डरवेंट नदीवरचा पूल ओलांडला की एडन्सर गाव, तिथल्या चर्चच्या आवारात जोसेफ पॅक्स्टनची कबर आहे, १८५१ चा क्रिस्टल पॅलेस (लंडनमधली काचेची भव्य प्रदर्शन-इमारत) ज्याने डिझाइन केला तोच, आधी इथला हेड गार्डनर होता. तिथून टेकडीवरून बेकवेल साधारण चार किलोमीटर, परतीची बस तिथूनच मिळते. पाऊस झाला असेल तर चिखल असतो, बूट चांगले घाला, आणि शेवटच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा.