अमेरिकेहून आणलेला निन्टेन्डो स्विच बंद पडलाय, वॉरंटी नाही. कुठे दाखवू?

सातारची_आई
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाने २०२१ मध्ये डॅलसहून येताना लेकीसाठी स्विच (हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं मशीन) आणला होता. साधाच, ओएलईडी पडद्याचा नाही. इतकी वर्षं निमूट चालला. मे महिन्यात कोकणात जाताना मूळचा डॉक (टीव्हीला जोडायचा ठोकळा) कुठे वागवायचा म्हणून ऑनलाइन १,१०० रुपयांचा खिशात मावणारा डॉक घेतला. गावी टीव्हीला जोडला, तासभर चालला आणि पडदा काळा झाला. तेव्हापासून ढिम्म. मूळचा चार्जर लावला तरी बॅटरीचं चिन्ह येत नाही. फक्त चार्जिंगच्या भोकापाशी बोट लावलं तर कोमट लागतं.

वॉरंटी वर्षाचीच होती, ती कधीच संपली. भारतात कंपनीचं सेवा केंद्र नाही. बजेट ४,००० च्या आत. आणि मुख्य गोष्ट: लेकीचं ॲनिमल क्रॉसिंग या गेममधलं बेट त्यात आहे, तीन वर्षं सजवलेलं. ते वाचायला हवं. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

पेठेतला_गेमर
ताई, सरळ स्विच २ घ्या, नवीन आलेला. मी दुबईहून येणाऱ्या मित्राकडून मागवला. पडदा काय आहे म्हणून सांगू! जुने गेमही चालतात. जुन्यावर पैसे घालवू नका.

सातारची_आई
तो अमेरिकेतच २०२५ मध्ये ४५० डॉलरला आला. माझ्या बजेटला एक शून्य लावलंत की हो!

पेठेतला_गेमर
एकदाच खर्च. बेट काय, नव्यावर नेता येतं.

खटपट्या
नेता येतं, पण जुनं मशीन चालू असेल तर. जुन्यातूनच पाठवावं लागतं. मेलेल्यातून काय पाठवणार? बेट गेमच्या कार्डावर नसतं, मायक्रोएसडीवरही नसतं, मशीनच्या आतल्या मेमरीत असतं.
ताई, ऑनलाइन सदस्यत्व होतं का? या गेमला नेहमीचा क्लाउड सेव्ह (कंपनीच्या सर्व्हरवर आपोआप होणारी साठवण) चालत नाही, बेटाचा बॅकअप गेममध्ये जाऊन वेगळा चालू करावा लागतो. आधी लेकीला ते विचारा.

बापू_नाशिककर
अहो, अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. जळणारच! मी बाहेरची वस्तू स्टॅबिलायझरशिवाय लावतच नाही. १९९८ पासून एक बल्बसुद्धा उडालेला नाही आमच्याकडे.

खटपट्या
बापू, स्विचच्या अडॅप्टरवर वाचा, १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय. जगभर चालतो. फक्त पिन चपट्या असतात.

बापू_नाशिककर
लिहिलेलं काहीही असतं.

अण्णा_डोंबिवली
बापूंचं अगदीच चूक नाही. माझ्या मेहुण्याने २००८ ला अमेरिकेहून वी (निन्टेन्डोचंच जुनं गेमचं मशीन) आणला होता. त्याचा अडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा. मी कौतुकाने थेट भिंतीत खुपसला. ठप्प! आणि घरभर मासे करपल्यासारखा वास. चूक माझीच, पण बायको अजून पाहुण्यांना रंगवून सांगते.

न्यूजर्सीकर
इकडे पाठवा, कंपनी दुरुस्त करून देते. वॉरंटी संपली तरी पैसे भरून करतात. भारतातल्या भुरट्या मेकॅनिकांच्या नादी लागू नका.

सातारची_आई
पाठवू कशी? आत लिथियमची बॅटरी आहे. कुरिअरवाल्याला विचारलं तर त्याने तोंडच वाकडं केलं. भाऊ आता डिसेंबरातच येणार.

न्यूजर्सीकर
मग डिसेंबरात त्याच्याबरोबर द्या. घाई काय आहे? मात्र आतला डेटा राहील याची हमी ते देत नाहीत, हे खरं.

खटपट्या
म्हणजे मूळ मुद्द्यालाच सुरुंग.

बिलासकट_खरेदी
म्हणून मी इथलाच प्लेस्टेशन घेतला, जीएसटीच्या बिलासकट. बाहेरून आणलेल्या मालाच्या दुकानात “सहा महिने दुकानाची वॉरंटी” म्हणून कार्डाच्या पाठीवर शिक्का मारून देतात. सहा महिन्यांनी दुकान तरी जागेवर असतं का? लोकांना चार पैसे वाचवायचे असतात आणि मग धागे काढतात.

सातारची_आई
भावाने भेट दिलेली वस्तू आहे. भेटीचं बिल मागायचं असतं का?
खटपट्या, लेकीला विचारलं. सदस्यत्व वर्षभर होतं. बॅकअप “करणार होते” म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

रात्रपाळी
पॉवरचं बटण १२ सेकंद दाबून धरा, सोडा, मग एकदा दाबा. कधीकधी नुसता झोपलेला असतो. आधी अडॅप्टर अर्धा मिनिट भिंतीतून काढून ठेवा.

सातारची_आई
केलं. तीनदा केलं. काही नाही.

खटपट्या
आता नीट लिहितो. मी मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करतो, स्विच वीसेक उघडले असतील.

स्वस्त डॉकनंतर मेला की पहिला संशय एम९२टी३६ नावाच्या आयसीवर, म्हणजे बोर्डावरच्या एका चिपवर. चार्जरशी किती व्होल्ट घ्यायचे ही बोलणी तो करतो. मूळचा अडॅप्टर आधी ५ व्होल्ट देतो, बोलणी जमली की १५ वर चढतो. कोणाकडे टाइप-सीचा मीटर असेल तर मध्ये लावून बघा. ५ वरच अडकला तर हा आयसी नाहीतर पोर्ट. आयसी काही शे रुपयांचा असतो, मजुरीच जास्त. मी सगळे मिळून अडीच-तीन हजार घेतो. पण मी रत्नागिरीत आहे.

कोणालाही द्या, पण “बोर्ड बदलून देतो” म्हणाला तर उठून या. मशीन चालू होईल, बेट जाईल. जुन्या बोर्डावरची मेमरी काढून नव्यावर बसवली तरी उघडत नाही, कारण तिची किल्ली त्याच बोर्डाच्या प्रोसेसरमध्ये असते. चिप बदलायची, बोर्ड नाही. द्यायच्या आधी गेमचं कार्ड आणि मायक्रोएसडी काढून घरी ठेवा. आणि मागचे चार स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात, त्याला वेगळा पाना लागतो. साध्या फुलीच्या पान्याने खेचाखेची सुरू केली तर तिथेच हात धरा.

मुंबईचा_बाळू
लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनला उतरा, चालत जा. तिथे दुरुस्त होत नाही असं काही नाही.

पेठेतला_गेमर
पुण्यात तपकीर गल्ली असताना मुंबई कशाला? साताऱ्याहून एसटीने सकाळी येऊन संध्याकाळी परत.

मुंबईचा_बाळू
तपकीर गल्लीत वायरी मिळतात. आमच्याकडे डोकी मिळतात.

पेठेतला_गेमर
हो का? मागे तुमच्या त्या रोडवर एकाला माझा कंट्रोलर दिला होता. आठ दिवसांनी परत मिळाला, आत एक स्क्रू खुळखुळत होता.

मुंबईचा_बाळू
खुळखुळत होता म्हणजे स्क्रू परत तरी दिला ना.

अण्णा_डोंबिवली
धागा गल्लीत शिरला. ताई, १२ सेकंद बटण दाबून बघितलंत का?

सातारची_आई
अण्णा 🙏

शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याकडे मीटर निघाला. आकडा ५ च्या पुढे जातच नाही. खटपट्या, तुमचं निदान बरोबर दिसतंय.

खटपट्या
मग चार्जर लावून ठेवू नका, कोमट लागतंय म्हणजे कुठेतरी लाइन शॉर्ट आहे. रत्नागिरीला पाठवा, नीट गुंडाळून कोणाच्या हाती. चालू झाला नाही तर पैसे घेणार नाही.

न्यूजर्सीकर
मी अजूनही डिसेंबर म्हणेन.

पेठेतला_गेमर
+१ स्विच २ ला.

बापू_नाशिककर
आणि स्टॅबिलायझर घ्या.

सातारची_आई
सगळ्यांचे आभार. निर्णय झाला, तुम्ही रागवाल.

पोवई नाक्याजवळ एक मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. पाच बाय सहाचं दुकान. त्याने स्विच आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. “मॅडम, हा टीव्हीचा की गाडीचा?” विचारलं. पण त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, आणि खटपट्यांचा प्रतिसाद त्याने माझ्या फोनवर दोनदा वाचला. आयसीचा नंबर हातावर लिहून घेतला. पुणे-मुंबईला फोन केले, सगळे म्हणाले ठेवून जा, आठ दिवस लागतील. हा म्हणाला, “मी उघडतो, तुम्ही समोर बसा. चिमटा चुकला तर तुम्हाला दिसेलच.” आयसी मागवलाय, गुरुवारी येईल. मजुरी १,२००. लेक आणि मी दोघी स्टूल घेऊन बसणार आहोत.

मुंबईचा_बाळू
पहिलाच स्विच, आणि तो तुमचा! धन्य आहात.

बिलासकट_खरेदी
गुरुवारी नवीन धागा येणार.

खटपट्या
माझाही पहिला कोणाचातरी होताच. त्याला सांगा, हॉट एअर (गरम हवेचा झोत) मारताना शेजारच्या प्लास्टिकच्या कनेक्टरांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी) लाव आणि उघडल्या उघडल्या बॅटरीची वायर आधी काढ. अडला तर मला फोन करू दे, नंबर तुमच्या विपुत (विचारपुशीत) टाकतो. गुरुवारी दुपारी मी दुकानातच आहे.