मदत हवी आहे: ट्रेमोलो ब्रिज बदलायचाय, ५२.५ मिमीचा कुठे मिळेल?

मंडळी, मी जळगावचा. स्ट्रॅटसारखी (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची) स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार आहे, सहा स्क्रूंचा ट्रेमोलो (तारा बांधलेला ब्रिज, जो दांडीने, म्हणजे बारने, हलवून सूर वर-खाली करतात). बार दोनदा दाबला की जी आणि बी तारेचा सूर उतरतो.

आतापर्यंत केलेलं: नव्या ०९-४२ जाडीच्या (बारीक) तारा लावून नीट ताणल्या, नटच्या (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) खाचांत पेन्सिलीचं शिसं घासलं, ब्रिजला मागून ओढणाऱ्या तीनाऐवजी चार स्प्रिंगा लावून पाहिल्या, मधले चार स्क्रू थोडे सैल केले. फरक पडला, पण पुरेसा नाही. ब्रिज ज्या धारेवर झुलतो ती पत्र्याच्या प्लेटची धार स्क्रूपाशी झिजलेली स्पष्ट दिसते, म्हणून नट किंवा तारा पिळायच्या किल्ल्या बदला असं कृपया सुचवू नका. (आमचा मे महिनाही कारण असेल म्हणा, पण जानेवारीतही हेच होत होतं.)

मापं: बाहेरच्या दोन स्क्रूंचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ५२.५ मिमी, ब्लॉक (प्लेटखाली बॉडीत जाणारा धातूचा ठोकळा) ३६ मिमी, बॉडीची जाडी ४० मिमी. अडचण इथेच आहे. चांगले स्टील ब्लॉकवाले ब्रिज बहुतेक ५६ मिमीचे दिसतात, आणि त्यांचा ब्लॉक ४० च्या वर, म्हणजे माझ्या गिटारीच्या पाठीतून बाहेरच येणार.

बजेट ५००० रुपये. बॉडी कोरायची नाही. गिटार दुरुस्त करणारा जवळ कुणी नाही, सुतार मात्र हाताने चांगला आहे.

तर ५२.५ मिमी अंतराचा, ३६ मिमी ब्लॉकचा, कडक स्टील प्लेटचा ब्रिज भारतात कुणी मागवलाय का? की जुनी भोकं सागाच्या खुंट्यांनी बुजवून ५६ चा बसवावा आणि ब्लॉक एमआयडीसीत कापून घ्यावा? तसं केलं तर तारांमधलं अंतर वाढून कडेच्या तारा फ्रेटबोर्डवरून घसरतील का?