मदत हवी आहे: पाइलची (पायाखालच्या खोल खांबाची) भार पेलण्याची क्षमता माझ्या हिशेबात ११३ टन, माती तपासणीच्या अहवालात ८५. चुकतंय कुठे?

नमस्कार मंडळी. खाडीकाठी तळमजला अधिक चार मजल्यांचं काम, ६०० मिमी व्यासाचे बोअर्ड पाइल (जमिनीत भोक पाडून जागीच काँक्रीट ओतलेले). माती तपासणीच्या बोअरमध्ये वर २ मी. मुरुमाचा भराव, मग ७ मी. काळा चिखल (शिंपल्यांचे तुकडे, बुटाला लागला की पाण्यानंही सुटत नाही), एसपीटीचे (मातीचा कडकपणा ठोक्यांनी मोजणाऱ्या चाचणीचे) ठोके जेमतेम २-३. खाली ३ मी. कडक पिवळी माती, मग खडक.

आयएस २९११ (पाइलसाठीचं भारतीय मानक) प्रमाणे पाइलच्या बाजूंवरचं मातीचं घर्षण काढलं. परीघ १.८८५ मी. चिखलाचं कोहेजन (मातीची चिकटून राहण्याची ताकद) दीड टन प्रति चौ.मी., अल्फा (त्यातला पाइलला मिळणारा हिस्सा) १, म्हणजे १९.८ टन. पिवळ्या मातीचं ८, अल्फा ०.५, म्हणजे २२.६. सुरक्षेसाठी अडीचने भागून ७.९ आणि ९. खडकाचे सॉकेट (पाइलचा खडकात रुतवलेला भाग) धरून सुरक्षित ९६ टन अहवालातूनच घेतले. बेरीज ११३. सल्लागारांना विचारलं तर म्हणाले, "अहवाल नीट वाचा." वाचला, म्हणून तर विचारतेय!

प्रतिसाद: भराव कधीचा आहे?

धागाकर्ती: या मे महिन्यातला. पावसाच्या आत रस्त्याच्या पातळीला आणायचं म्हणून घाईत टाकला.

प्रतिसाद: मग सापडलं की. मऊ चिखलावर ताजा भराव पडला की चिखल पाणी सोडत वर्षानुवर्षं बसत राहतो. पाइल खडकावर टेकलेला, तो जागचा हलत नाही. खाली जाणारा चिखल त्याला धरून ओढतो. तुम्ही आधार म्हणून धरलेलं घर्षण इथं ओझं आहे. ते ७.९ काढा आणि १९.८ पूर्ण वजा करा, अडीचने भागू नका. ९६ + ९ − १९.८ = ८५.२. भरावाची स्वतःची ओढ यात दिसत नाही. थोडीच असेल, पण विचारा.

दुसरा प्रतिसाद: एखाद्या बोअरमध्ये वाळू लागली तर अल्फा विसरा. तिथं घर्षण वरच्या मातीच्या दाबावर ठरतं, आणि तो दाबही व्यासाच्या १५ ते २० पट खोलीपुढे वाढवत न्यायचा नाही.

धागाकर्ती: कळलं, धन्यवाद. रुटीन टेस्टला (कामातल्याच पाइलवर भार टाकून घेतात ती चाचणी) ८५ च्या दीडपट, म्हणजे १२७.५ टनांवर पाइल १२ मिमीच्या आत बसला की झालं ना?

प्रतिसाद: इथंच फसतात. टेस्टमध्ये पाइल खाली दाबला जातो, त्यामुळे तेवढ्या वेळापुरता तोच चिखल त्याला वर उचलून धरतो. ओढ दिसतच नाही. टेस्टच्या भारात ती धरली आहे का, सल्लागारांकडून लेखी घ्या.